रोमन ब्राँझ नाणं कसं वाचावं: चित्रापासून सालापर्यंत

रोमन नाण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे सोन्याचं ऑरियस आणि चांदीचं डिनॅरियस आठवतं, कारण व्यापाऱ्यांनी भारतात आणली ती प्रामुख्याने हीच नाणी. रोममधल्या सामान्य माणसाच्या हातात मात्र रोज फिरायचं ते ब्राँझ. पाव घ्यायला ब्राँझ, स्वस्त वाइनला ब्राँझ, सार्वजनिक स्नानगृहात शिरायला ब्राँझचाच सर्वात लहान तुकडा. शिवाय यातलं मोठं नाणं 32 ते 36 मिलिमीटर रुंद असायचं. साचा कोरणाऱ्याला एवढी जागा चांदीच्या नाण्यावर मिळत नव्हती, म्हणून बंदर, पूल, रणांगण, खेचरं, बंदिवान अशी भरगच्च दृश्यं पाहायची तर ब्राँझकडेच वळावं लागतं.

नाणं हातात असो, संग्रहालयाच्या काचेआड असो की पडद्यावरच्या फोटोत, वाचण्याचा क्रम एकच ठेवा. आधी धातू आणि वजन, मग पुढचा चेहरा, त्याभोवतीची अक्षरं, मागची आकृती, तळाची खूण. शेवटी एक प्रश्न विचारा: हे चित्र याच वर्षी का काढलं? बहुतेक नवे संग्राहक अक्षरांपासून सुरुवात करतात आणि झिजलेल्या नाण्यावर तिथेच अडकतात. अक्षरं झिजली तरी आकृतीची ठेवण बरीच टिकते. त्या काळातल्या पुष्कळ लोकांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे चित्र नुसतं पाहून ओळखू यावं याची काळजी घेतली जायची. तिचा फायदा आज आपल्याला होतो.

हाताशी काय असावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भागही दाखवणारा सोनाराचा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर आणि एकच टेबललॅम्प. लॅम्प डावीकडे, अगदी खाली, नाण्याच्या पातळीजवळ ठेवा. उजेड तिरका पडला की झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या उठतात. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये जे नाणं सपाट दिसतं, त्यावर तिरक्या उजेडात अर्धा मजकूर सापडतो. नाणं फिरवत राहा. एकेक अक्षर वेगवेगळ्या कोनात उघडतं. मोबाइलवर असेच चारपाच कोनांतून फोटो काढून ते शेजारी शेजारी पाहिले तर आणखी सोपं जातं.

नाणं कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या. आणि घासू नका. चिंच, लिंबू, कोकम, भांड्यांची पावडर यांतलं काहीही त्याला लावायचं नाही. देवघरातली पितळी भांडी आपण लख्ख करतो, ती सवय इथे घातक आहे. वर चढलेला हिरवा किंवा तपकिरी थर म्हणजेच पॅटिना. अक्षरांचा बारकावा पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतो. थर निघाला की अक्षरंही गेली.

पहिली पायरी: धातू आणि वजन

संग्राहक सगळ्यालाच ब्राँझ म्हणतात, पण पहिला सम्राट ऑगस्टस याने इसवी सनापूर्वी 23 च्या सुमारास घडी बसवली तेव्हा त्यात दोन धातू होते. सेस्टर्टियस आणि डुपाँडियस ही दोन नाणी ओरिकॅल्कमची, म्हणजे तांबं आणि जस्त यांच्या पिवळ्या मिश्रधातूची. आपण त्याला सरळ पितळ म्हणू. आस आणि क्वाड्रान्स मात्र तांब्याचे. सेस्टर्टियस साधारण 25 ग्रॅमचं, डुपाँडियस साडेबाराच्या आसपास, आस 11 च्या आसपास, क्वाड्रान्स जेमतेम 3. हिशोब असा: 4 क्वाड्रान्स म्हणजे 1 आस, 2 आस म्हणजे 1 डुपाँडियस, 2 डुपाँडियस म्हणजे 1 सेस्टर्टियस, आणि 4 सेस्टर्टियस म्हणजे चांदीचं 1 डिनॅरियस. ऑगस्टसच्या काळात लीजनमधल्या, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीतल्या, शिपायाचा वर्षाचा पगार 900 सेस्टर्टियस होता. चित्रातला आकडा केवढा मोठा, हे पुढे याच मापाने मोजता येईल.

डुपाँडियस आणि आस यांचा आकार जवळजवळ सारखा. नव्या नाण्यात पिवळा आणि तांबडा रंग पाहून फरक कळायचा. जमिनीतून निघालेल्या नाण्यात रंगाचा भरवसा नाही. तिथे डोक्याकडे पाहा. निरोच्या काळापासून डुपाँडियसवर सम्राटाला बहुधा किरणांचा मुकुट घातलेला दिसतो आणि आसवर लॉरेलच्या पानांचा. निरोच्या आधीच्या नाण्यांना ही खूण लागू पडत नाही.

नाणं याहून पुष्कळ जुनं, प्रजासत्ताकाच्या काळातलं असेल तर ओळख सोपी आहे. पुढे देव, मागे जहाजाचा पुढचा भाग, म्हणजे नाळ. आसवर दोन तोंडांचा जेनस असतो. त्याखालच्या अपूर्णांकांवर ठिपके: मिनर्वा आणि चार ठिपके असले तर आसचा तिसरा भाग, हर्क्युलिस आणि तीन ठिपके असले तर चौथा, मर्क्युरी आणि दोन ठिपके असले तर सहावा, रोमा देवी आणि एक ठिपका असला तर बारावा. अर्ध्या आसवर सॅटर्न आणि एस हे अक्षर. एका आसचे बारा औंस; ठिपके म्हणजे त्यांतले किती औंस. आपण छापा-काटा करतो तसं रोमन मुलं नाणं उडवताना ‘डोकी की जहाजं’ असं विचारायची. मॅक्रोबियस या उत्तरकालीन रोमन लेखकाने हे नोंदवलं तेव्हा जहाजाची नाणी बंद होऊन कित्येक शतकं लोटली होती. खेळातले शब्द तेवढे टिकले होते.

दुसरी पायरी: चेहरा

नाव वाचण्याआधी तीन गोष्टी पाहा: दाढी, डोक्यावरचं काय, आणि बाई असेल तर केशरचना.

हेड्रियन 117 साली गादीवर आला आणि पूर्ण दाढीची प्रथा त्याने पाडली. त्याच्या आधीचे सम्राट जवळजवळ सगळे गुळगुळीत चेहऱ्याचे. निरोच्या जबड्यालगत थोडे केस दिसतात, एवढंच. भरदार कुरळी दाढी दिसली की नाणं 117 नंतरचं मानून पुढे जायला हरकत नाही. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनबरोबर चेहरे पुन्हा गुळगुळीत झाले. त्यात 361 ते 363 राज्य केलेल्या ज्युलियनची टोकदार दाढी लगेच ओळखू येते, आणि त्याच्या मोठ्या ब्राँझवर मागे बैल आणि वर दोन तारे असतील तर शंकाच उरत नाही.

लॉरेल म्हणजे सम्राट. उघडं डोकं म्हणजे बहुधा वारस. मोत्यांची किंवा जडावाची पट्टी दिसली तर कॉन्स्टंटाइन किंवा त्यानंतरचा काळ. राण्यांची केशरचना तर दाढीहूनही भरवशाची आहे. थोरल्या फॉस्टिनाच्या वेण्या डोक्यावर गुंडाळून वर अंबाड्यासारख्या बांधलेल्या, ज्युलिया डोम्नाचे केस टोपासारखे जाड आणि लहरी. एकदा डोळ्यांत बसलं की नाव न वाचता सांगता येतं.

तिसरी पायरी: भोवतीची अक्षरं

मजकूर बहुधा डावीकडे खालून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि जवळजवळ सगळं संक्षेपात असतं. यूच्या जागी व्ही कोरलेला असतो, आणि तोच व्ही पाचाचा आकडाही असतो. चार हा आकडा अनेकदा चार उभ्या रेघांनी लिहिलेला दिसेल. ती चूक समजू नका.

सम्राट ट्राजनच्या सेस्टर्टियसवरचा एक नेहमी आढळणारा मजकूर घेऊ. लॅटिन अक्षरं देवनागरीत मांडली तर तो असा दिसतो: ‘इम्प काएस नेर्वाए त्राइआनो आउग गेर दाक, पी एम, टी आर पी, कॉस पाच, पी पी’. इम्प म्हणजे इम्पेरातोर, विजयी सेनापती. काएस म्हणजे सीझर. नेर्वाए त्राइआनो म्हणजे नर्व्हा ट्राजन; दत्तक बापाचं नाव आधी. आउग म्हणजे ऑगस्टस. गेर आणि दाक म्हणजे जर्मन आणि डेशियन लोकांना जिंकणारा. पी एम म्हणजे मुख्य पुरोहित. टी आर पी म्हणजे ट्रिब्यूनचे, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधीचे, अधिकार असलेला. कॉस पाच म्हणजे पाचव्यांदा कॉन्सल, वर्षापुरता नेमला जाणारा सर्वोच्च अधिकारी. पी पी म्हणजे राष्ट्रपिता.

आता साल काढा. ट्राजन पाचव्यांदा कॉन्सल झाला 103 मध्ये आणि सहाव्यांदा 112 मध्ये. मधल्या काळात पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर पाच हाच आकडा, म्हणजे आपलं नाणं 103 ते 111 या पट्ट्यातलं. टी आर पीच्या पुढे आकडा दिला असता तर काम आणखी सोपं झालं असतं, कारण तो अधिकार दरवर्षी नव्याने मोजला जायचा आणि त्यावरून नेमकं वर्ष सापडतं. ट्राजनने तो आकडा दिला नाही. अँटोनिनस पायस आणि मार्कस ऑरेलियस यांच्या नाण्यांवर तो पुष्कळदा असतो. कॉन्सलपदाचा आकडा पट्टा देतो, ट्रिब्यूनचा आकडा वर्ष देतो. हे दोन आकडे शोधायची सवय लागली की तारखांचं अर्धं काम तिथेच संपतं.

या मजकुरात नावं ‘ट्राजनला’ अशा चतुर्थीत आहेत. मागच्या बाजूला वाक्य पूर्ण होतं: रोमच्या सेनेट आणि जनतेकडून, सर्वोत्तम प्रमुखाला. अख्खं नाणं म्हणजे एक अर्पणपत्रिका. पुढची आणि मागची बाजू जोडून वाचावी लागते, ती अशा नाण्यांसाठी.

मागे मोकळ्या जागेत दोन मोठी अक्षरं दिसतील, एस आणि सी. सेनेटच्या ठरावाने, असा त्यांचा अर्थ. पहिल्या अडीचशे वर्षांतल्या रोमच्या टांकसाळीतल्या बहुतेक ब्राँझ नाण्यांवर ती आहेत. त्या दोन अक्षरांमुळे सम्राट वेगळा ठरत नाही, पण नाणं ब्राँझचं आहे हे झिजलेल्या तुकड्यावरही कळतं, कारण सोन्याचांदीवर ती क्वचितच येतात.

चौथी पायरी: मागची आकृती

बहुतेक ब्राँझवर मागे एक उभी किंवा बसलेली स्त्री असते. सगळ्या सारख्याच दिसतात ही नव्या वाचकाची नेहमीची तक्रार. आपण मूर्ती ओळखतो तशीच ही ओळखायची: चेहरा सोडा, हातातली आयुधं पाहा. शंख-चक्र-गदा-पद्म पाहून विष्णू सांगणाऱ्याला हे शिकायला वेळ लागत नाही.

एका हातात सुकाणू आणि दुसऱ्यात फळाफुलांनी भरलेलं शिंग असेल तर ती फॉर्च्युना, नशिबाची देवी; सुकाणू कधी पृथ्वीच्या गोलावर टेकलेलं असतं. पसरट अर्घ्यपात्र आणि तेच शिंग म्हणजे काँकॉर्डिया, एकोपा. ऑलिव्हची फांदी म्हणजे पॅक्स, शांती. तराजू म्हणजे इक्विटास, योग्य माप. पण टांकसाळीची मोनेटासुद्धा तराजूच धरते, तिथे नाव वाचण्यावाचून इलाज नाही. टोकदार टोपी हातात असेल तर लिबर्टास, कारण गुलामाला मुक्त करताना तशी टोपी घालत. एका हातात फूल आणि दुसऱ्या हाताने वस्त्राचा सोगा किंचित उचललेला, ती स्पेस, आशा. पात्रातून सापाला खाऊ घालणारी सालुस, आरोग्य आणि सुरक्षितता. कणसं, धान्याचं माप आणि शेजारी जहाजाची नाळ असेल तर ॲनोना, रोमला होणारा धान्यपुरवठा. डोक्यावरून पदर घेतलेली आणि वेदीजवळ उभी पिएटास. पंख असलेली, हातात हार आणि खजुराची फांदी असलेली व्हिक्टोरिया तर लहान मूलही ओळखेल.

यांतल्या बऱ्याच जणी पुराणकथांतल्या देवता नाहीत, त्या गुण आहेत. आशा, एकोपा, योग्य माप अशा गोष्टींना शरीर देऊन नाण्यावर उभं करायचं, ही रोमन चित्रभाषेची मोठी कमाई मला वाटते. शब्द न वापरता राज्यकारभाराबद्दल बोलता येऊ लागलं ते यामुळे.

पुरुष देवांमध्ये ज्युपिटरकडे वज्र आणि राजदंड, पायाशी गरुड. मार्सकडे भाला, खांद्यावर लुटीच्या शस्त्रांचं ओझं. हर्क्युलिसकडे सोटा आणि सिंहाचं कातडं. सूर्यदेव सोलच्या डोक्यावर किरणं आणि उजवा हात वर. नेपच्यूनकडे त्रिशूळ आणि डॉल्फिन. नेपच्यूनचं नाणं सहज सापडतं: सम्राट कॅलिग्युलाने आपला आजोबा, ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा, याच्या नावाने पाडलेलं आस. पुढे अग्रिप्पाच्या डोक्यावर जहाजांच्या नाळांचा मुकुट, मागे नेपच्यून. अग्रिप्पाने इसवी सनापूर्वी 36 मध्ये सिसिलीजवळ नॉलोकसची नाविक लढाई जिंकली होती, त्याबद्दल मिळालेला हा मुकुट. हाच देव, पॉसायडन या ग्रीक नावाने, आपल्या कोल्हापुरातही आलेला आहे. 1940 च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर त्याची छोटी ब्राँझमूर्ती मिळाली. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. नाण्यावरचा नेपच्यून ओळखता येऊ लागला की ती मूर्ती जरूर पाहून या.

पाचवी पायरी: दृश्यं

एकटी देवता नसून दृश्य असेल तर घाई करू नका. तिथे थेट बातमी असते.

नर्व्हाचं 97 सालचं सेस्टर्टियस घ्या. मागे दोन खेचरं, एकाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, दोन्ही खाली वाकून चरताहेत. त्यांच्या मागे गाडी, जू सुटलेलं, दांड्या वर उभारलेल्या. माणूस एकही नाही. मजकूर सांगतो: इटलीतली वाहतुकीची वेठ माफ. सरकारी टपाल आणि अधिकारी यांच्यासाठी रस्त्यालगतच्या गावांनी जनावरं आणि गाड्या पुरवायच्या, असा नियम होता. नर्व्हाने इटलीपुरता तो भार उठवला. हे दाखवायला कोरणाऱ्याने सम्राटाचा दरबार काढला नाही, हात जोडलेले गावकरी काढले नाहीत. जुवाखालून सुटलेली जनावरं काढली. माझ्या मते रोमन ब्राँझवरचं हे सर्वात नेमकं चित्र आहे. वेठ माहीत असलेल्या शेतकऱ्याला वाचून दाखवायची गरजच पडली नसेल.

दुसरं हेड्रियनचं. सत्तेवर आल्यावर 118 मध्ये त्याने सरकारी तिजोरीची जुनी येणी माफ केली आणि ट्राजनच्या चौकात कर्जाच्या कागदांची होळी केली. त्यानंतर लवकरच निघालेल्या सेस्टर्टियसवर लिक्टर, म्हणजे अधिकाऱ्याचा दंडधारी सेवक, डाव्या हातात छड्यांची मोळी धरून उभा आहे आणि उजव्या हातातल्या मशालीने समोरच्या कागदांच्या ढिगाला आग लावतो आहे. काही नाण्यांवर पाहणारे नागरिकही आहेत. मजकुरात रक्कमच कोरलेली आहे: 90 कोटी सेस्टर्टियसची जुनी थकबाकी रद्द. डोमिशियनने पगार वाढवल्यानंतर शिपायाला वर्षाला 1200 सेस्टर्टियस मिळत होते. म्हणजे ही रक्कम साडेसात लाख शिपायांच्या वर्षाच्या पगाराइतकी. एवढा मोठा आकडा, आणि तो ज्या एककात मोजला त्याच एककाच्या नाण्यावर कोरलेला. ज्याची थकबाकी माफ झाली त्याच्या हातात हे नाणं पडलं असेल, तर त्याने ते खर्चण्याआधी दोनदा पाहिलं असेल.

निरोच्या सेस्टर्टियसवर रोमजवळच्या ओस्टियाचं बंदर आकाशातून पाहिल्यासारखं दिसतं. धक्क्यांची दोन अर्धवर्तुळं, आत लहानमोठी जहाजं, खाली पहुडलेला जलदेव. साचे वेगवेगळे असल्याने जहाजांची संख्या नाण्यागणिक बदलते. ती मोजून साच्यांची तुलना करता येते. व्हेस्पॅशियनच्या 71 सालच्या नाण्यांवर मधोमध खजुराचं झाड आणि त्याखाली शोकात बसलेली स्त्री: ज्युडिया, म्हणजे ज्यू लोकांचा देश, जिंकला. इथे बसलेली ती बाई म्हणजे एक अख्खा देश आहे. या चित्राने विजेत्याला अभिमान वाटला, पण आज ते पाहताना जेरुसलेमचं मंदिर वर्षभरापूर्वीच, 70 साली, जाळलं गेलं हे विसरता येत नाही.

सहावी पायरी: हे याच वर्षी का?

नाण्यावरचं चित्र म्हणजे सत्तेने केलेला दावा. तो खरा असू शकतो, जसा हेड्रियनचा होता. पुष्कळदा मात्र जे हातून निसटत आहे तेच नाण्यावर ठासून सांगितलेलं असतं. 69 साली एका वर्षात चार सम्राट झाले, सैन्याने एकामागून एक नेमले आणि उलथवले. त्या वर्षीच्या व्हिटेलियसच्या नाण्यांवर सैन्याच्या निष्ठेचे गोडवे आहेत. कॅराकॅला आणि गेटा या सम्राट भावांच्या एकोप्याची नाणी निघाली. 211 च्या डिसेंबरात कॅराकॅलाने गेटाचा आईच्या समोर खून करवला आणि मग त्याचं नाव शिलालेखांवरून खरवडून काढलं.

म्हणून साल सापडलं की त्या वर्षीच्या घडामोडी शेजारी मांडा. एकोपा दिसला तर भांडण कुठे चाललं होतं ते पाहा. ॲनोना दिसली तर धान्याची जहाजं वेळेवर आली होती का ते तपासा. तरी प्रत्येक नाण्यामागे संकट शोधू नका; फॉर्च्युना आणि व्हिक्टोरिया नेहमीच्या होत्या, वर्षानुवर्षं पाडल्या गेल्या. एरवी न दिसणारी आकृती अचानक आली तर तिथे थांबायचं.

उत्तरकाळातली छोटी नाणी

बाजारात सर्वात जास्त दिसतात ती चौथ्या शतकातली, नखाएवढी, दोनतीन ग्रॅमची. यांत देवता कमी, शिपाई जास्त. कॉन्स्टंटाइनच्या शेवटच्या वर्षांतलं सैन्याच्या कीर्तीचं नाणं पाहा: दोन शिपाई समोरासमोर, मध्ये निशाणं. निशाणं दोन असतील तर 330 ते 335, एकच असेल तर त्यानंतरचं. निशाण कमी झालं तेव्हा नाण्याचं वजनही घटलं होतं. याच काळात रोम शहराच्या नावाने लांडगी आणि जुळी मुलं, आणि कॉन्स्टँटिनोपलच्या नावाने नाळेवर उभी व्हिक्टोरिया, अशी जोडी निघाली. 348 पासून सुखाचे दिवस परतल्याची घोषणा करणारी नाणी आली. त्यांतलं नेहमीचं चित्र म्हणजे घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारणारा रोमन शिपाई.

इथे तळाकडे पाहायला विसरू नका. जमिनीच्या रेघेखाली टांकसाळीची खूण असते. ‘एस एम के ए’ असं असेल तर एस एम म्हणजे पवित्र टांकसाळ, के म्हणजे सिझिकस शहर, शेवटचा ए म्हणजे तिथली पहिली कार्यशाळा. ‘टी आर पी’ दिसलं तर ट्रिअरची पहिली कार्यशाळा. पुढच्या बाजूवरच्या ट्रिब्यूनच्या टी आर पीशी याचा काही संबंध नाही. पूर्वेकडे कार्यशाळेचा क्रम ग्रीक अक्षरांनी देतात, पश्चिमेकडे लॅटिन. नखाएवढ्या तुकड्यावरून शहर आणि त्यातलं दालनही सांगता येतं.

कापलेली, ठोकलेली, खोटी

दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरातल्या नाण्यावर पुढे ऑगस्टस आणि अग्रिप्पा पाठीला पाठ लावून, मागे खजुराला साखळीने बांधलेली मगर: इजिप्त जिंकल्याची खूण. ही नाणी अनेकदा बरोबर मधून कापलेली सापडतात, कारण सुट्ट्या पैशांची टंचाई होती. अर्धं नाणं टाकाऊ समजू नका. नाण्यावर नंतर ठोकलेला छोटा शिक्का दिसला तर तोही वाचा. चेहऱ्यावर मुद्दाम मारलेले घाव असतील, तर तो सम्राट लोकांना नकोसा झाला होता हे कळतं.

खोटी नाणी ओळखताना आधी कड पाहा. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याची शिवण किंवा ती घासून काढल्याच्या रेघा असतात. भिंगातून पृष्ठावर बारीक बुडबुडे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट असतात. दोन नाण्यांवर अगदी एकाच जागी सारखाच खड्डा असेल तर दोन्ही संशयास्पद. पदुआच्या जिओव्हानी कॅव्हिनोने सोळाव्या शतकात सेस्टर्टियसच्या सुंदर प्रतिकृती केल्या. त्या आजही संग्रहालयांत मानाने ठेवतात, पण त्या रोमन नव्हेत. मूळ नाणं खरं आणि केस, कपडे मागाहून सुईने कोरलेले, असाही प्रकार पुष्कळ. एकट्या दाढीचा बारकावा धारदार आणि बाकी सगळं झिजलेलं असेल तर घेऊ नका.

पावसाळ्यातली काळजी

नाण्यावर फिकट हिरवे, पिठासारखे ठिपके आले आणि टाचणीने सहज खरवडले गेले, तर तो पॅटिना नसून ब्राँझचा रोग आहे. धातूतले क्लोराइड आणि हवेतली ओल मिळून तांबं खात जातात. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात हे झपाट्याने होतं. असं नाणं लगेच इतरांपासून वेगळं करा, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि आर्द्रता सुमारे 40 टक्क्यांच्या खाली राहील असं पाहा. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदला किंवा तापवून कोरडं करा. रासायनिक उपचार संवर्धनतज्ज्ञाकडूनच करून घ्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ब्राँझ ठेवू नका. त्यांतूनही धातूला हिरवा चिकटा धरतो.

भारतातलं रोमन ब्राँझ आणि कायदा

पहिल्या शतकात थोरला प्लिनी हा रोमन लेखक तक्रार करतो की भारत दरवर्षी साम्राज्यातून 5 कोटी सेस्टर्टियस ओढून घेतो. हिशोब सेस्टर्टियसमध्ये, पण जहाजांतून येत होतं सोनं आणि चांदी. ब्राँझ आलं ते मुख्यतः उशिरा, चौथ्या-पाचव्या शतकांत, तेही तामिळनाडूत करूर, मदुराई या भागांत आणि श्रीलंकेत: वर सांगितलेली तीच नखाएवढी शिपायांची नाणी. महाराष्ट्रात रोमन नाणी दक्षिणेच्या मानाने कमी, पण तेरला रोमन नाण्यांवरून घेतलेल्या ठशांच्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. नाण्यावरचं चित्र इथे दागिन्यासारखं वापरलं गेलं.

शेतात, नदीत, पाया खणताना असं काही सापडलं तर ते ठेवून घेता येत नाही. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. 1972 च्या पुरावशेषांविषयीच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष आहे. खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. विकत घेताना विक्रेत्याचा परवाना, पावती आणि नाणं कुठून आलं याची लेखी माहिती मागा. देत नसेल तर व्यवहार सोडा.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक नाण्यासाठी एक कार्ड. वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा मजकूर जसा दिसतो तसा, न दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी ठिपके. अंदाजाने अक्षरं भरू नका, नाहीतर पुढचा शोध चुकीच्या वाटेला लागतो. मागच्या आकृतीचं वर्णन: कोणत्या दिशेला तोंड, उजव्या हातात काय, डाव्यात काय, पायाशी काय. नाणं उभ्या अक्षावर धरून उलटल्यावर मागचं चित्र सरळ येतं की उलटं, तेही लिहा.

मग अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या ओसीआरई या मोफत ऑनलाइन सूचीत शोधा. सम्राट, धातू, मागची देवता आणि मजकुरातले दिसणारे दोनचार शब्द एवढं भरलं तरी यादी बरीच आखडते. प्रांतांतल्या शहरांनी पाडलेली ग्रीक मजकुराची नाणी तिथे नाहीत. त्यांच्यासाठी रोमन प्रांतीय नाण्यांची वेगळी ऑनलाइन सूची आहे. सापडलेला क्रमांक कार्डावर पेन्सिलने लिहा. आणखी एखादं अक्षर वाचता आलं की तो बदलावा लागतो.